'वजन' या शब्दाचे अर्थ आणि उपयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी मजकूर तपासण्याचे आणि अनुवाद दुरुस्त करण्याचे काम करताना ज्या शब्दांवर पेन्सिल सर्वाधिक वेळा थांबते, त्यांत 'वजन' हा शब्द बराच वर लागतो. तो प्रत्येकाला येतो, म्हणून कोणी कोशात पाहत नाही. आणि मग जिथे 'भार' हवा तिथे 'वजन', जिथे 'ओझे' हवे तिथेही 'वजन' येऊन बसते. या शब्दाबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते उत्तरांसह खाली दिले आहेत.

'वजन' हा शब्द मराठीत कुठून आला? त्याआधी आपण काय म्हणत होतो?

हा शब्द मूळचा अरबी असून तो फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत त्याच्या धातूचा अर्थ 'तोलणे' असा आहे आणि तराजूला म्हणतात तो 'मिझान' हा शब्दही त्याच धातूपासून झालेला आहे. मराठीत आपण त्यातील 'ज' दंत्य उच्चारतो, 'जहाज' या शब्दातल्यासारखा. अक्षराखाली नुक्ता, म्हणजे टिंब, देण्याची मराठीत पद्धत नाही, त्यामुळे 'वजन' हेच लेखन शुद्ध आहे.

त्याआधी 'तोल', 'भार' आणि जुन्या मराठीतील 'तूक' हे शब्द होते. वजन करणे या अर्थी 'तुकणे' असे क्रियापदही होते. 'वजन' आल्यावर 'तूक' मागे पडला. इतर दोन शब्द मात्र गेले नाहीत, त्यांनी आपापली जागा बदलली. 'तोल' आज मुख्यतः समतोलाच्या अर्थाने वापरला जातो : शिडीवर तोल जातो, रागाच्या भरात बोलण्याचा तोल सुटतो, लग्नासाठी तोलामोलाचे स्थळ पाहिले जाते आणि नाजूक प्रसंगी शब्द तोलूनमापून वापरले जातात. 'भार' जबाबदारीकडे आणि शास्त्राकडे वळला. परका शब्द आल्याने भाषा गरीब होते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे, कारण येथे एका अर्थाचे तीन अर्थ झाले आणि तिन्हींना स्वतंत्र शब्द मिळाला.

वजन, भार, ओझे आणि बोजा यांत नेमका फरक काय?

सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

'वजन' हे काट्यावर कळते. ते आकड्यात सांगता येते आणि ते वाहणारा कोणी असो वा नसो, वस्तूला असतेच. 'ओझे' मात्र वाहणाऱ्याशिवाय संभवत नाही. गोदामात पडलेल्या गोणीला वजन असते. ती हमालाच्या पाठीवर आली की तिचे ओझे होते. दप्तराचे उदाहरण घ्यावे. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये आणि पहिली-दुसरीसाठी ते १.६ ते २.२ किलोच्या दरम्यान असावे. या वाक्यात 'वजन' हाच शब्द योग्य आहे, कारण येथे मापन चालले आहे. मुलाच्या खांद्याला ते कसे लागते, याबद्दल पालक बोलतात तेव्हा ते 'दप्तराचे ओझे' म्हणतात, आणि तेही तितकेच योग्य आहे.

'भार' हा शब्द आधाराच्या बाजूने बोलतो. छताचा भार भिंतीवर येतो, संसाराचा भार एकट्या बाईवर पडतो, अधिकारी पदभार स्वीकारतात, एखाद्याकडे दोन खात्यांचा अतिरिक्त कार्यभार असतो. विजेची मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की भारनियमन होते. यांपैकी एकाही ठिकाणी 'वजन' चालत नाही. 'आभार' या शब्दातही हाच भार आहे. उपकाराचा भार मान्य करणे, असा त्यामागचा भाव आहे. नियतकालिकांच्या 'साभार परत' या शिक्क्याने निराश झालेल्या नवलेखकांना हा शब्द चांगलाच माहीत असतो.

'बोजा' हा पैशाशी आणि कागदपत्रांशी जोडलेला शब्द आहे. करांचा बोजा, कर्जाचा बोजा, तिजोरीवरील बोजा हे नेहमीचे प्रयोग आहेत. शेतकऱ्याने जमीन तारण ठेवून कर्ज काढले की सातबारा उताऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढवला जातो आणि फेड झाल्यावर तो कमी करून घ्यावा लागतो. येथे 'ओझे चढवले' असे कोणी तलाठ्याला सांगणार नाही. जमीन घेणाऱ्याने उतारा पाहताना प्रथम हा रकाना वाचावा, हे या शब्दाच्या निमित्ताने सांगितलेले बरे.

'जड', 'भारी', 'वजनदार' आणि 'भारदस्त' हे समानार्थी आहेत का?

नाहीत. पिंप जड असते. एखादे गणित जड जाते. पुरणपोळी पचायला जड असते. झोपेने डोळे जड होतात आणि लेकीला निरोप देताना अंतःकरण जड होते. 'भारी' म्हणजे मूळचा भार असलेला, पण आता महाग ('भारी साडी') किंवा उत्तम ('लय भारी') हेच अर्थ अधिक ऐकू येतात. 'वजनदार' वस्तूलाही म्हणता येते, पण वाचकाच्या मनात आधी वजन असलेला माणूस उभा राहतो. 'भारदस्त' हे आवाज, व्यक्तिमत्त्व, वाडा किंवा भाषा यांचे विशेषण आहे; गोणीला भारदस्त म्हणता येत नाही.

'गुरू' या शब्दाचा वजनाशी काही संबंध आहे का?

अगदी थेट संबंध आहे. संस्कृतात 'गुरु' या विशेषणाचा मूळ अर्थच 'जड' आणि 'लघु'चा अर्थ 'हलका' असा आहे. ज्ञानाने किंवा अधिकाराने जो जड तो गुरू. पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते त्या बलाला आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, त्यात हाच शब्द जडपणाच्या मूळ अर्थाने आहे. 'गुरु'पासून 'गौरव' झाला आणि 'गरिमा'ही झाली. म्हणजे कोणाचा गौरव करणे हे शब्दशः त्याचे जडपण मान्य करणे होय. 'लघु'पासून 'लाघव' झाले, पण हलकेपणाचा येथे दोष न होता गुण झाला. हस्तलाघव म्हणजे हाताची सफाई आणि शब्दलाघव म्हणजे थोडक्यात नेमके सांगण्याचे कसब. अष्टसिद्धींच्या यादीत गरिमा आणि लघिमा या दोन्ही सिद्धी आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या परंपरेने जड आणि हलके या दोहोंचा मान राखला आहे असे दिसते. मला मराठीच्या शब्दसंपत्तीतील हा भाग फार प्रिय आहे.

शाळेत 'वस्तुमान' आणि 'वजन' वेगळे शिकवतात. मग किराणा दुकानात आपण चूक बोलतो का?

चूक बोलत नाही. तो शास्त्राचा आणि व्यवहाराचा भिन्न वापर आहे. वस्तूत द्रव्य किती आहे ते वस्तुमान. ते किलोग्रॅममध्ये मोजतात आणि ते जागेनुसार बदलत नाही. त्या वस्तूवर कार्य करणारे गुरुत्वीय बल म्हणजे वजन. ते न्यूटनमध्ये मोजतात आणि ते बदलते. हा भेद १९०१ मध्ये वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अधिकृतपणे नोंदवला. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे आणि 'वजन' हा शब्द बलाच्या जातीची राशी दाखवतो, असे त्या ठरावात म्हटले आहे.

बदल किती होतो, हे आकड्यांत पाहावे. गुरुत्वत्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो तो दर, विषुववृत्तावर सुमारे ९.७८ आणि ध्रुवावर सुमारे ९.८३ मीटर प्रतिसेकंद वर्ग असते. ६० किलो वस्तुमानाच्या माणसाचे वजन त्यामुळे विषुववृत्तावर सुमारे ५८७ न्यूटन आणि ध्रुवावर सुमारे ५९० न्यूटन भरेल. विषुववृत्तावर जुळवलेला तानकाटा (स्प्रिंगचा काटा) ध्रुवावर नेला, तर तो त्याच माणसाचे वजन सुमारे ३०० ग्रॅम जास्त दाखवील. चंद्रावर तोच काटा साधारण १० किलो दाखवील. तागडी मात्र तिन्ही ठिकाणी ६० किलोच सांगेल, कारण एका पारड्यातील माणूस आणि दुसऱ्या पारड्यातील वजने ही दोन्ही सारख्याच प्रमाणात हलकी किंवा जड होतात. म्हणजे भाजीवालीची जुनी तागडी खरे तर वस्तुमान मोजत होती.

अंतराळवीर वजनरहित अवस्थेत तरंगतात म्हणजे तिथे गुरुत्व नसते, हा समजही दुरुस्त करावा. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या कक्षेत गुरुत्व जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. स्थानक आणि त्यातील माणसे पृथ्वीभोवती एकत्रच मुक्तपणे पडत असतात, म्हणून त्यांच्या पायाखाली भार जाणवत नाही.

एक किलो म्हणजे किती, हे कोण ठरवते?

१८८९ पासून पॅरिसजवळच्या सेव्ह्र येथे जपून ठेवलेला, ९० टक्के प्लॅटिनम आणि १० टक्के इरिडियम असलेला एक लहानसा दंडगोल म्हणजे एक किलो, अशी व्याख्या होती. त्याच्या प्रतिकृती देशोदेशी दिल्या गेल्या. भारताची प्रत ५७ क्रमांकाची असून ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. सुमारे शंभर वर्षांनी मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक आढळला. जो स्वतःच प्रमाण आहे तो हलका झाला की प्रती जड झाल्या, हे ठरवायला दुसरे काहीच नव्हते. अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्साय येथे मतदान झाले आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातील एका कधीही न बदलणाऱ्या राशीवरून, केली जाऊ लागली. आता किलो कोणत्याही कपाटात ठेवलेला नाही.

तोळा, शेर, मण, खंडी ही वजने आजच्या मापात किती?

ब्रिटिश काळात प्रमाणित झालेले कोष्टक असे होते : ८ गुंजांचा १ मासा, १२ माशांचा १ तोळा, ८० तोळ्यांचा १ शेर, ४० शेरांचा १ मण. तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्यामुळे शेर सुमारे ९३३ ग्रॅम आणि मण सुमारे ३७.३२ किलो. गुंज म्हणजे काळ्या ठिपक्याची ती लाल बी. तोळ्यात ९६ गुंजा बसतात, यावरून एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची ठरते. सोनाराच्या पारड्यात ही बी ठेवत, कारण तिचे दाणे आकाराने बरेचसे सारखे असतात. ती विषारी आहे, लहान मुलांच्या हाती देऊ नये.

मात्र हे कोष्टक सगळीकडे लागू नव्हते. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा होता. खंडी २० मणांची खरी, पण मण बदलला की खंडीही बदले. कापसाच्या व्यापारात आजही रुईचा भाव खंडीवर सांगतात आणि ती खंडी सुमारे ३५६ किलोची असते. धान्य तर अनेक गावांत वजनाने न मोजता मापाने मोजत असत. चिपटे, मापटे, शेर, अडशेरी, पायली ही आकारमानाची मापे होत. एक पायली ज्वारी आणि एक पायली बाजरी यांचे वजन सारखे भरत नाही. जुनी खतावणी किंवा दस्तऐवज वाचताना 'शेर' वजनाचा आहे की मापाचा, हे आधी ठरवावे. येथे चुकले की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

वजने-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, मेट्रिक वजने ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२ पासून ती सक्तीची झाली. पण भाषेने जुनी वजने सोडली नाहीत. शेराला सव्वाशेर भेटतो, नाजूक माणसाची प्रकृती तोळामासा असते, मणामणाच्या बेड्या पायांत पडतात आणि पाव किलोला 'पावशेर' म्हणणारे अजूनही आहेत. महाराष्ट्रातील सराफांकडे तोळा बोलला जातो तो बहुधा १० ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या 'चार तोळ्यांच्या' असतील, तर त्या जुन्या तोळ्याने ४६ ग्रॅमच्या वर आणि आजच्या तोळ्याने ४० ग्रॅम होतात. दागिने मोडताना किंवा वाटणी करताना हा साडेसहा ग्रॅमचा फरक लक्षात ठेवून सगळे ग्रॅममध्येच लिहून घ्यावे.

'पासंगालाही पुरत नाही' यातील पासंग म्हणजे काय? 'काटामारी' कशाला म्हणतात?

तागडीची दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी आडवी राहायला हवी. एक बाजू उचलली जात असेल, तर त्या बाजूला खडा, लोखंडाचा तुकडा किंवा चिंधी बांधून दोन्ही बाजू सारख्या करतात. तो जोड म्हणजे पासंग. एखादा माणूस दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणजे त्याच्या बरोबरीने तोलायचे दूरच, तराजू सरळ करायला लागणाऱ्या खड्याइतकेही त्याचे मोल नाही.

माझ्या आजोबांचे तालुक्याच्या गावी किराणा दुकान होते. सकाळी दुकान उघडले की ते आधी तागडी उजव्या हाताने उचलून धरत आणि दांडीच्या मधला काटा स्थिर होईपर्यंत एक शब्द बोलत नसत. मग एक किलोचे वजन एका बाजूला आणि पाचशेची दोन दुसऱ्या बाजूला ठेवत आणि लगेच त्यांची अदलाबदल करून पुन्हा पाहत. दांडीचे दोन हात लांबीने सारखे नसतील, तर रिकामी पारडी सरळ दिसूनही तोल खोटा येतो आणि तो खोटेपणा अदलाबदल केल्यावाचून उघडा पडत नाही. तेलाला गिऱ्हाईक आपली बरणी आणी. तेव्हा रिकाम्या बरणीइतके वजन आधी समोरच्या पारड्यात टाकून ते धडा करत आणि मगच तेल ओतत. ही अदलाबदलीची युक्ती मी पुढे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वाचली, तेव्हा ती मला आधीपासून माहीत होती. तागडीच्या मधला काटा इतका महत्त्वाचा की सगळ्या यंत्रालाच 'काटा' म्हणू लागले आणि अचूक मोजलेल्या मालाला 'काटेतोल' हे विशेषण मिळाले.

याच काट्यावर लबाडी केली की ती काटामारी. आज हा शब्द सर्वाधिक ऐकू येतो तो उसाच्या हंगामात. उसाने भरलेले वाहन भुईकाट्यावर आधी भरलेले आणि नंतर रिकामे तोलतात. दोन आकड्यांतील फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. दर टनावर मिळतो. १० टनांच्या खेपेत काटा १ टक्क्याने जरी कमी दाखवत असेल, तरी १०० किलो ऊस हिशेबातून गेला. बाहेरच्या काट्यावर केलेले वजन कारखान्यांनी मान्य करावे, ही मागणी शेतकरी संघटनांनी अनेक वर्षे लावून धरली आहे आणि ती मला रास्त वाटते. बाजार समितीच्या आवारातही असाच शब्दसंग्रह आहे. तोलणारा मापाडी, त्याची मजुरी म्हणजे तोलाई, पोत्यांचे बारदान आणि मालातून वजा धरला जाणारा कडता. हिशेबपट्टीवरचा प्रत्येक शब्द म्हणजे कोणाच्या तरी पदरातून जाणारे किंवा पदरात पडणारे वजन आहे.

ग्राहकाने वजनाबाबत काय पाहावे?

थोडक्यात सांगतो. वैध मापन शास्त्र कायदा २००९ चा असून तो एप्रिल २०११ पासून लागू आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी आणि लोखंडी वजनांची दर दोन वर्षांनी पडताळणी व मुद्रांकन व्हावे लागते. दुकानदाराकडे त्याचे प्रमाणपत्र असते. तोलण्याआधी काट्यावर शून्य आहे ना, ते पाहावे. दिवाळीत मिठाई खोक्यासह तोलली जाते, तेव्हा खोक्याचे वजन वजा करायला सांगावे, कारण पुठ्ठ्याचे खोके काजूकतलीच्या भावाने घेण्याचे काहीच कारण नाही. पाकिटावरचे 'निव्वळ वजन' म्हणजे वेष्टण सोडून आतील मालाचे वजन.

'त्यांचे वजन आहे' असे माणसाबद्दल म्हणतो, तेव्हा काय अभिप्रेत असते?

ज्याच्या शब्दाने निर्णय झुकतो, त्याचे वजन असते. यामागे तराजूचे चित्र आहे : दोन बाजू सारख्या असताना तो ज्या पारड्यात उतरेल ते खाली जाते. म्हणूनच 'पारडे जड होणे', 'वजन टाकणे', 'वजन खर्ची घालणे' हे प्रयोग एकमेकांना धरून आहेत. मंत्रिमंडळाच्या बातम्यांत गृह, अर्थ, महसूल यांना 'वजनदार खाती' म्हणतात, ते याच अर्थाने. मात्र पद आणि वजन एक नव्हे. गावात कोणत्याही पदावर नसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या शिक्षकाच्या शब्दाला जे वजन असते, ते सरपंचाच्या शब्दाला असेलच असे नाही. पद काढून घेता येते. वजन आपोआप कमी होत जाते.

आणि 'कागदावर वजन ठेवणे' म्हणजे?

लाच देणे. वजन नसेल तर कागद उडून जातो, या चित्रावरून हा प्रयोग आला आहे. लिहिताना एवढे भान ठेवावे की हा प्रयोग गुन्ह्याला सौम्य रूप देतो. बातमी किंवा तक्रार लिहीत असाल, तर 'वजन मागितले' असे न लिहिता 'लाच मागितली' असेच लिहावे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक अशा तक्रारींसाठी आहे.

गझल लिहिणारे 'मिसरा (ओळ) वजनात नाही' म्हणतात. ते कोणते वजन?

ते छंदाचे वजन आहे. उर्दू-फारसी परंपरेत ओळीतील लघू-गुरूंच्या मांडणीला 'वजन' म्हणतात. मराठीत माधव ज्युलियन यांनी गझलेची वृत्ते आणली आणि सुरेश भट यांनी गझल घराघरांत पोहोचवली. त्यांच्याबरोबर हा शब्दही कवींच्या बोलण्यात स्थिरावला. आपली अक्षरगणवृत्तेही वेगळ्या शब्दांत तेच करतात. भुजंगप्रयातात एका चरणात लघू-गुरू-गुरू हा 'य' गण चार वेळा येतो, म्हणजे बारा अक्षरे. त्यांतील एक गुरू लघू झाला तरी म्हणताना पाय अडखळतो, आणि वृत्ताची नावे ठाऊक नसलेल्या कानालाही ते कळते. गंमत अशी की, वृत्ताच्या मापाने 'वजन' या शब्दाची तिन्ही अक्षरे लघूच आहेत. तो 'न' गण होतो.

सांख्यिकीत 'वजन' म्हणावे की 'भार'?

'भार' म्हणावे. 'भारित सरासरी' ही संज्ञा रुळलेली आहे. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ या पायाभूत वर्षाच्या मालिकेत अन्न व पेये या गटाचा भार ४५.८६ होता, म्हणून भाजीचे भाव चढले की महागाईचा आकडा लगेच हलत असे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांत जे असंख्य आकडे शिकून घेतले जातात, त्यांनाही मी 'भार' असेच लिहितो. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र मराठीने तिसराच शब्द निवडला आहे : 'मतमूल्य'. महाराष्ट्राच्या एका आमदाराचे मतमूल्य १७५ आहे, ते १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरलेले आहे.

खेळांत 'वजनी गट' का असतात?

जड मल्ल आणि हलका मल्ल यांची कुस्ती कौशल्याची राहत नाही, म्हणून. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात सहावे आले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. पॅरिस येथे ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट यांचे वजन ५० किलो गटाच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम फेरी गाठूनही त्या अपात्र ठरल्या. १०० ग्रॅम म्हणजे वाटीभर पाण्याहून कमी. तो निकाल नियमानुसार होता, तरी तो आठवला की आजही वाईट वाटते.

'तुला' करणे आणि वजन करणे यांत फरक काय?

वजन करताना माल मोजला जातो, तुलेत माणूस. शिवाजी महाराजांची १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर सुवर्णतुला झाली; तिची नोंद तेथे हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडन या इंग्रजांच्या दूताने करून ठेवली आहे. नवसाच्या गूळतुलेपासून सत्कारातील ग्रंथतुला आणि वह्यातुलेपर्यंत ही रीत आजही चालू आहे. तुलेतील द्रव्य वाटून टाकायचे असते, हा तिचा गाभा आहे. श्रीकृष्णाच्या तुलेच्या कथेत सोन्याने न हललेले पारडे रुक्मिणीच्या एका तुळशीपत्राने खाली जाते, ती कथा तर प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते.

कागदाचे आणि अक्षराचे वजन कसे मोजतात?

कागदाचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असे सांगतात. ए-४ कागद चौरस मीटरच्या सोळाव्या हिश्शाचा असतो, म्हणून ८० जीएसएमचा एक कागद ५ ग्रॅम भरतो आणि ५०० कागदांचा रीम अडीच किलो. अक्षराचे वजन म्हणजे त्याच्या रेघेची जाडी. मुंबईच्या एक टाइप या गटाने घडवलेला 'मुक्त' हा देवनागरी टंक बारीकपासून अतिठळकपर्यंत सात वजनांत मिळतो.

अनुवादात 'दुःखाचे वजन', 'पुराव्याचे वजन' असे लिहिले तर चालेल का?

दुःखाचा भार असतो किंवा दुःखाने मन जड होते. दुःखाला वजन नसते. पुरावा 'भक्कम' असतो. युक्तिवादाला किंवा शब्दाला मात्र वजन असू शकते, कारण ते दुसऱ्या बाजूच्या युक्तिवादाशी तोलले जात असतात. मी स्वतः एक साधी कसोटी लावतो : समोर दुसरे पारडे दिसत असेल तर 'वजन', कोणीतरी पेलत असेल तर 'भार', कोणाच्या तरी पाठीवर असेल तर 'ओझे' आणि कागदावर चढवलेले असेल तर 'बोजा'. ही कसोटी शंभर टक्के ठिकाणी लागू पडत नाही, पण बहुतेक वाक्ये ती सोडवते.

'वजनदार'चा विरुद्धार्थी शब्द 'हलका' घ्यावा का?

वस्तूसाठी घ्यावा, माणसासाठी जपून घ्यावा. 'हलका माणूस' म्हणजे क्षुद्र वृत्तीचा, 'हलक्या कानाचा' म्हणजे कोणाचेही ऐकून विश्वास ठेवणारा आणि 'हलक्या प्रतीचा' म्हणजे निकृष्ट. याउलट मन हलके होणे, हात हलका असणे, हलकेफुलके बोलणे हे सगळे चांगले अर्थ आहेत. प्रभाव ओसरलेल्या पुढाऱ्याबद्दल लिहायचे असेल तर 'त्यांचे वजन कमी झाले' असे लिहावे, आणि तो सडपातळ झाला असेल तर 'त्यांचे शारीरिक वजन' असे स्पष्ट लिहावे, म्हणजे वाचकाचा गोंधळ होणार नाही.